ओच्यातली अंडी

चहा आधी संपवा, मग सांगते. मागं एकीला हसता हसता ठसका लागला आणि तिच्या सुनेनं मलाच बोल लावला.

तर ऐका. माझी चोरचोळी झाली त्या दिवशी माझ्या पोटात काही नव्हतं. पोटावर होतं. पाच अंडी, कोंबडीची!

तोंडं वाकडी करू नका बायांनो. मी लिंगायताची लेक, लिंगायताची सून. आमच्या घरात अंडं तर सोडाच, त्याचं नावसुद्धा कोणी काढत नसे. आणि चोरचोळी म्हणजे काय ते तुमच्यातल्या लहान्यांना ठाऊक नसेल. सुनेला तिसरा महिना लागला की सासू तिला हिरवी चोळी देते, ओटी भरते. गवगवा न करता, दृष्ट लागू नये म्हणून गुपचूप. म्हणून ती चोरचोळी. आता तिसऱ्या महिन्याची चोळी हातात आणि पोटाला अंडी, हे जमलं कसं? माझ्या मूर्खपणानं जमलं, दुसरं काय!

माझं सासर माकणीला. धरण नंतरचं. तेव्हा तेरणा गावाच्या अंगानं मोकळी वाहायची. राज्य निजामाचं, आम्ही म्हणायचो मोगलाई. घरात माणसं तीन. मी, आमचे मालक आणि त्यांची आई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मालकांचं किराण्याचं दुकान होतं. स्वभावानं इतके गरीब, की गिऱ्हाईक भांडायला आलं तर हे आधी त्याला बसायला पोतं टाकायचे.

आत्याबाई मात्र कडक. त्यांनी मला कधी मारलं नाही, वाईट बोलल्या नाहीत. नुसत्या बघायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी मला दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर काही नाही. आत्याबाईंचे भाऊ मुरूमला राहायचे, त्यांना पंधरा वर्षांची मुलगी होती. बोलणं माझ्यादेखतच चालायचं.

"पाडव्यापातुर वाट बघू," आत्याबाई म्हणायच्या. "न्हायतर पोरीला इकडं करून घेऊ."

म्हणजे मला सवत. त्या काळी यात कोणाला वावगं वाटत नसे. आपल्याला राग येऊ शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घ्यायची, एवढंच.

आमच्या परसाला लागून हमीदाखालाचं घर होतं. मधली मातीची भिंत एका पावसात निम्मी पडली, ती कोणी परत बांधलीच नाही. खाला विधवा, एकटी. गावची सुईण. लिंगायत, मराठे, मुसलमान, सगळ्यांची पोरं पहिलं रडली ती तिच्याच हातात. माझं ते तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा ती दोन दिवस माझ्या उशाशी बसून होती. बाकी सगळ्या म्हणायच्या, रडू नको. खाला एकटी म्हणाली, "रडून घे बेटी, रडून घे."

ते मी विसरले नाही.

बाळंतपणाचं ती काही मागायची नाही. लोक देतील ते दाणे आणि तिच्या कोंबड्या, यावर तिचं भागायचं. त्या साली कोंबड्यांवर रोग आला आणि पटापट मेल्या. उरली एकटी कबरी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ती खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, तशी खालानं काही तिची, काही इकडून तिकडून मागून आणलेली अशी अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. मी तेव्हा माहेरी, लोहाऱ्याला गेले होते. परत आले तर कबरी टोपलीत पिसं फुलवून बसलेली, जवळ गेलं की खेकसायची.

दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की मी भिंत ओलांडून तिकडं जायची. खालाच्या माळवदाला उजेडासाठी एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप यायची. त्या तिरिपेत अंडं धरून आतलं कसं बघायचं ते तिनं मला शिकवलं. मी लांबूनच बघायची. हात लावायचा नाही, एवढा धर्म सांभाळून होते!

आणि एका बुधवारी नळदुर्गाहून सांगावा आला. खालाच्या लेकीचे दिवस भरले होते, पोर पोटात आडवं होतं. खालानं बोचकं बांधलं.

"बेटी, मैं जातूं. कबरीकडं जरा नजर ठेव. दाना दे, पानी दे, बस. चाँद की पाँच को बिठाई मैं. इक्कीस दिनां हुए की पिल्लं निघतात. तवर मी येतेच."

"तुमी निवांत जावा, खाला," मी म्हणाले. "म्या हाय न्हवं!"

म्या हाय न्हवं! केवढा तो तोरा! बुधवारी खाला गेली आणि गुरुवारी सकाळी मुंगसानं कबरी नेली.

एक दिवस! बायका गोठेच्या गोठे सांभाळतात. मला एक कोंबडी एक दिवस सांभाळता आली नाही. आदल्या संध्याकाळी दाणे टाकून मी खुराड्याचं दार लोटलं, पण त्याला दगड टेकवायचा राहिला. चूक मुंगसाची नाही, माझीच.

जाऊन बघते तर पिसं पडलेली, टोपली उलटलेली, पाच अंडी फुटलेली. सहा मात्र भुशात धड होती. मी आयुष्यात पहिल्यांदा अंड्याला हात लावला. ते गरम होतं.

काय करावं कळेना. उगाच एक अंडं उन्हाच्या तिरिपेत धरलं. आत बारीक लाल शिरा पसरल्या होत्या. मधे एक काळा ठिपका होता. बघता बघता तो हलला.

बायांनो, माझं तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा मला कोणी काही दाखवलं नव्हतं. कापडात गुंडाळून नेलं. इथं माझ्या तळहातावर एक जीव हलत होता आणि त्याची आई माझ्या निष्काळजीपणानं गेली होती. मला तो खाली ठेववेना.

गावात आणखी दोन घरी कोंबड्या होत्या. तिथं जाऊन आडून आडून विचारलं. खुडूक एकही नव्हती. घरी सांगायची तर सोयच नाही, आत्याबाईंनी मला अंड्यांसकट नदीवर पाठवलं असतं. शेवटी पिंजलेला कापूस घेतला, त्यात सहा अंडी ठेवली, जुन्या धडप्यात गुंडाळून पोटाला बांधली आणि वरून लुगड्याचा ओचा चांगला फुगवून खोचला. नऊवारीचा ओचा काय कमी खोल असतो? शेंगा राहतात, सुपाऱ्या राहतात, मग अंडी का नाही राहणार!

हिशेबही मांडला. खाला म्हणाली होती पाच, म्हणजे पंचमी. पंचमीपासून एकवीस दिवस, म्हणजे येता सोडून त्याच्या पुढचा शनिवार. नऊ दिवस तर काढायचे! बायका नऊ महिने काढतात.

आता बघा पुढं कसं होत गेलं ते.

पोटाला सहा अंडी बांधलेली बाई चालेल कशी? हळू. बसेल कशी? भिंतीला हात टेकून. घागर कमरेवर घेववेना, अर्धी कळशी डोक्यावरून आणायला लागली. जात्यावर वाकवेना. निजताना उताणी, कुशीवर वळणं बंद. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते हे बघितलेलं, म्हणून दिवसातनं तीनदा गोठ्यामागं जाऊन ओच्यात हात घालायचा, एकेक अंडं अलगद फिरवायचं आणि मनाशीच काहीतरी पुटपुटायचं. आंघोळीपुरती अंडी चुलीजवळच्या कोमट राखेत कापसात ठेवायची.

सगळ्यात कठीण वेळ पूजेची. तळहातावर इष्टलिंग, आणि त्याच्या खाली चार बोटांवर अंडी. रोज म्हणायची, महादेवा, जीव तूच घातलास यात, आता माझ्यावर रागावू नको. महादेव काही बोलला नाही. त्याचा मी होकार धरला.

आत्याबाई हे सगळं बघत होत्या. बोलत काहीच नव्हत्या, पण त्यांचं बघणं बदललं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले असताना ओच्यात बारीकसा 'फट्' असा आवाज झाला. सहातलं एक अंडं नासकं निघालं होतं. तुम्ही नासक्या अंड्याचा वास घेतलाय कधी? घेऊ नका. मी पोट धरून परसात धावले, ते अंडं उकिरड्यात फेकलं आणि भडाभडा ओकले. आतडी बाहेर येतील असं वाटलं.

मागं वळते तर दारात आत्याबाई! मी म्हटलं, संपलं सगळं, वासावरून ओळखलं. पण त्यांना तपकिरीची सवय. तीस वर्षं तपकीर ओढून नाक पार बसलेलं. त्यांना वास आलाच नव्हता. त्यांनी फक्त सून ओकताना बघितली.

त्या जवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हादेवी," त्या म्हणाल्या. "कामून सांगितलं न्हाईस गं पोरी?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"तीन म्हैनं तर झालं असतील. पयल्या बारीला बी तू अशीच गप ऱ्हायलीस."

आमच्यात बायका महिन्याला बाजूला बसत नाहीत, तो विटाळ आम्ही मानत नाही. त्यामुळं सुनेचं काय चाललंय हे सासूला कळायला दुसरा मार्ग नव्हता. सुईणीला विचारायचं तर सुईण नळदुर्गाला! मी मान हलवली. कशी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. आत्याबाईंना ती होकाराची दिसली.

मग काय विचारता! दूध आलं. भातावर तूप आलं. पाणी मालक स्वतः भरायला लागले, भर गावात, बायकांच्या रांगेत! दुकानातून खारका आणून माझ्यापुढं ठेवल्या आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "जड काम करू नगंस." लग्नाला सहा वर्षं झाली होती. मालक माझ्याशी दिवसाउजेडी बोलल्याचं मला तेवढंच आठवतं.

दुपारी आत्याबाईंनी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. त्यांची बोटं किती मऊ होती! मला सहा वर्षांत ठाऊकच नव्हतं.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मुरूमला निरोप धाडला, 'पोरीचं दुसरीकडं बघा, आमच्या सुनेला दिवस हायेत.'

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आले, की अंड्यांसाठी गप्प बसले. ते खोटं. अंड्यांसाठी मी दोन दिवस गप्प बसले. पुढचे सगळे दिवस त्या तेलाच्या हातासाठी गप्प बसले. आज तुमच्याजवळ खरं सांगते.

"येता सोडून पुढच्या सोमवारी चोरचोळी करू," आत्याबाई म्हणाल्या. "महादेवाचा वार हाय."

मी मनात म्हटलं, बरं झालं. शनिवारी पिल्लं निघतील, ती खालाच्या घरी टोपलीत ठेवीन, पोट मोकळं होईल. मग काहीतरी सांगता येईल. पुन्हा गेलं म्हणून सांगावं, असंसुद्धा मनात आलं. देवा, माझ्या मनात ते आलं होतं!

शनिवार उजाडला. मी गोठ्यामागं बसून एकेक अंडं कानाला लावलं. काही नाही. दुपारी काही नाही, संध्याकाळीही नाही. रविवारीसुद्धा अंडी तशीच. माझी खात्री झाली, पाचही गेली. माझ्या अंगाशी कोणी जगत नाही, असंच मला वाटलं. परसात बसून मी मनसोक्त रडले. आत्याबाईंनी लांबून बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हुतंय असं. पोटुशी बाई लगीच हळवी हुती."

तरी धडपा सोडवला नाही. का ते विचारू नका. सोडवला असता तर ती खरंच मेली असती, असं काहीतरी वाटत होतं.

सोमवारी सकाळपासून पोटावर कोणी खरडतंय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, भीतीनं माझ्याच पोटात गोळा फिरतोय.

चोरचोळी गुपचूप करायची असते. म्हणून आत्याबाईंनी गावातल्या फक्त अकरा बायकांना सांगितलं होतं! अकराही आल्या, येताना आपापल्या जावा घेऊन आल्या. मला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं. आत्याबाईंनी स्वतः हिरवी चोळी माझ्या हातात दिली, आणि तांदूळ, खारका घालून मोठा थोरला नारळ माझ्या ओच्यात ठेवला.

"अवं, जपून!" मी किंचाळलेच.

बायका कौतुकानं हसल्या. "आत्तापसनंच लई जपती बाई!"

तेवढ्यात आवाज आला. "चिव्."

बायकांनी आढ्याकडं बघितलं. एक म्हणाली, "पाल चुकचुकली वाटतं."

"चिव्, चिव्."

"ही कसली पाल!"

आत्याबाईंचा हात अजून नारळावर होता. त्यांचे डोळे हळूहळू मोठे व्हायला लागले. "आगं म्हादेवी, तिसऱ्याच म्हैन्यात हलाया लागलं की गं हे!"

त्याच वेळी दारात हमीदाखाला! बोचकं काखेत, पाय धुळीनं भरलेले, चेहरा फुललेला.

"नातू झाला मला! दोनी खुशाल हायेत. बेटी, कबरी कुठं हाय गं? आज इक्कीसवाँ दिन..."

"चिव्, चिव्, चिव्."

खाला थबकली. तीस वर्षं सुईणपण केलेली बाई. आवाज कुठून येतोय ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, एकदा ओच्याकडं.

"हटा! हटा सगळ्या! वारा येऊ द्या. बेटी, हलू नक्को!"

बोचकं टाकून ती माझ्यापुढं बसली. नारळ काढला, तांदूळ काढले, ओचा सोडला, धडपा उलगडला. कापसात एक ओलं, थरथरणारं पिल्लू पडलं होतं. दुसरं अर्धं कवचात, अर्धं बाहेर. तिसऱ्या अंड्याला चीर गेलेली.

"आगं आई गं! हे काय जलमलं!" एक म्हातारी ओरडली आणि चपला टाकून रस्त्यानं पळत सुटली. तिनं वाटेत कोणाला काय सांगितलं देव जाणे. पण थोड्याच वेळात मालक दुकान उघडं टाकून धावत आले. त्यांना निरोप पोचला होता, की तुमची बायको बाळंत झाली. तोवर पाचवंही कवच फोडत होतं. मालकांनी माझ्याकडं बघितलं, धडप्याकडं बघितलं, धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "पाच?"

बायका हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. कोणी पदर तोंडात कोंबला, कोणी भिंतीला टेकली. हसत नव्हत्या फक्त तिघी. मी, खाला आणि आत्याबाई. आत्याबाईंनी सांडलेले तांदूळ एकेक वेचून ताटात भरले, ताट उचललं आणि आत निघून गेल्या. दार लावलं नाही. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खालाला मी सगळं सांगितलं. मुंगूस, दगड, पंचमी. तिनं कपाळावर हात मारला.

"आगं, मी चाँद की पाँच बोली! आमचा म्हैना चाँद दिसल्यावर लागतो. तुमची अवस झाली की तुमचा दुसऱ्या दिवशी लागतो. या खेपेला आमचा दोन दिस मागनं लागला. मेरी पाँच म्हणजे तुमची सातवी!"

एका भिंतीच्या अलीकडं एक तारीख, पलीकडं दुसरी. सरकारी कागदावर फसली सन, तो तिसराच. मोगलाईत जन्म काढला, तीन पंचांगांत वाढले, आणि हे दोन दिवस माझ्या ध्यानात आले नाहीत. ते आले असते, तर निदान पाटावर बसून तरी बाळंत झाले नसते.

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी हिरवी चोळी घडी करून त्यांच्यापुढं ठेवली.

"ही परत घ्या आत्याबाई. म्या फसवलं तुमाला."

त्या चोळीकडं बघत राहिल्या. "भरलेली वटी माघारी घेत नसत्यात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "येक सबूद बोलता आला नसता व्हय गं तुला?"

"तुमी डोक्यावर हात ठिवला," मी म्हणाले. "मग न्हाई बोलता आलं."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. तपकिरीची डबी उघडली, पण तपकीर ओढली नाही. डबी उघडी हातात धरून बसल्या. मी चोळी तिथंच ठेवून उठले, तर म्हणाल्या, "ती ने. आन् त्या पिल्लास्नी जवारीच्या कन्या टाक, सकाळधरनं वरडायलीत."

पिल्लं ओरडत होती ती माझ्यासाठी! डोळे उघडल्यावर त्यांना पहिली दिसले मी. पोटाचा वास माझा, ऊब माझी. कोंबडी त्यांनी बघितलीच नव्हती. खालानं टोपलीत ठेवली की पडकी भिंत चढून माझ्यामागं यायची. मी आडावर निघाले की पाच पिल्लं मागं, दुकानावर निघाले की मागं. महादेवाच्या देवळात आत्याबाई पुढं बेलाचं ताट घेऊन, मागं मी, आणि माझ्यामागं चिवचिवत पाच जणांची रांग! मी लाजेनं मरायची. आत्याबाई मागं वळून न बघता म्हणायच्या, "हळू चाल जरा. ती शेवटली ऱ्हायली मागं."

दोन महिन्यांनी मुरूमचे मामा, आत्याबाईंचे भाऊ, आले. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. गूळपाणी झालं आणि त्यांनी विषय काढला. मी दाराआड उभी होते. 

"अक्का, आता तरी इचार कर. घरात मूलबाळ न्हाय. पोरगी अजून तशीच हाय."

 दारात माझी पाच पिल्लं, आता चांगली हातभर वाढलेली, मला शोधत येऊन उभी होती.

"मूलबाळ न्हाय कसं म्हंतोस?" आत्याबाई म्हणाल्या. "पाच हायेत की. ही काय दारात."

"अक्का, ही कोंबडी हायेत!"

"व्हय, हायेत. हिनं पोटाला बांधून काढली. परक्याच्या अंड्याला जिनं अकरा दिस असं जपलं, तिच्या उरावर सवत आणून म्या कंच्या तोंडानं लिंगाला बेल वाहू? पोरीला चांगलं स्थळ बघ. लुगडं म्या देईन."

मामा गेले. मला पुढं मूल झालं नाही. सवतही आली नाही. ती हिरवी चोळी माझ्या ट्रंकेत अजून आहे. कधी घातली नाही, कधी कोणाला दिली नाही.

मामा गेले त्याच दुपारी मी आनंदानं भिंत ओलांडून खालाकडं धावले. बघते तर ती उंबऱ्यावर गालाला हात लावून बसलेली, समोर माझी पाच पोरं. मी घाबरले.

"काय झालं खाला? कुनी आजारी पडलं?"

"आजारी कशाला! नीट बघ." तिनं एकेकाचा लाल तुरा धरून मला दाखवला. "मुर्गा. हा बी मुर्गा. पाँच के पाँच मुर्गे! बेटी, तीस साल साऱ्या गावासाठी बेटा दे, बेटा दे म्हणून दुवा मागितली मी. आन् मला एक अंडं देनारी लेक पाहिजे, तर तू सगळे बेटेच काढलेस?"

सहा वर्षं अख्ख्या माकणीनं मला मुलगा होत नाही म्हणून नावं ठेवली होती. एकदाचे झाले, एका दमात पाच झाले, तर शेजारीण म्हणते, एक तरी मुलगी का नाही!